जत्रेदिवशी आकाराम कुठे होता?

चैत्र महिन्यात आमच्याकडे कामावर कुणी नसतं, सगळे नुसते हजर असतात. गावोगावच्या जत्रा याच महिन्यात. आज आपल्या गावची, उद्या सासुरवाडीची, परवा मामाच्या गावची. आणि जत्रेला गेलं नाही तर देव एक वेळ समजून घेईल, मामा घेणार नाही. नेमका याच दिवसांत तासगाव भागातला बेदाणा शेडवरून उतरून कोल्ड स्टोरेजला यायला लागतो. त्यामुळे स्टोरेजवाले फाटकावरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहितात, 'सीझनमध्ये कोणालाही रजा मिळणार नाही.' मग देव आणि मालक यांच्या ओढाताणीत जो मधल्यामध्ये सापडतो, तो माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. मी पूजा. सांगलीच्या कामगार न्यायालयात कामगारांच्या बाजूनं वकिली करते, आणि चैत्र संपला की माझा सीझन सुरू होतो.

आकाराम असाच आला, बायकोला घेऊन. माणूस पंचेचाळिशीच्या पुढचा, उंच, खांदे रुंद, बोलताना नजर जमिनीकडे. तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो गार मशीन चालवायचा. गाव माण तालुक्यातलं पळसखडी. लग्न झाल्यापासून संसार मात्र तासगावला, स्टोरेजच्याच आवारातल्या खोलीत. मालकानं त्याला गैरहजेरी आणि खोटं बोलणं असे दोन आरोप ठेवून कामावरून काढलं होतं.

"मी कामावरच हुतो म्याडम," आकाराम म्हणाला.

"कामावर म्हणजे कुठं?"

शेजारी बसलेली त्याची बायको, राहीबाई, छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

"संडासात," आकाराम म्हणाला.

"दिवसभर?"

"पोट बिघडलं हुतं."

झालं होतं ते असं. त्या दिवशी सकाळी आकारामचा अंगठा हजेरीच्या मशीनवर उमटला होता आणि संध्याकाळीही उमटला होता. मधल्या वेळात गार मशीन बंद पडलं. त्याच्या जोडीचा पप्पू खटपट करत राहिला, त्याला काही ते चालू होईना. मालक जयराजदादा धावत आले. "आकाराम कुठाय?" म्हणाले. पप्पूच्या तोंडाला जे पहिलं आलं ते त्यानं सांगून टाकलं, "संडासला गेलाय." जयराजदादांनी वाट बघितली. चहा घेतला, पुन्हा वाट बघितली. मग सांगलीहून मेकॅनिक आला, मशीन चालू करून गेला, तरी आकाराम काही बाहेर येईना. माल वाचला, पण त्या दिवशी पळसखडीच्या भैरोबाची जत्रा होती हे जयराजदादांना ठाऊक होतं. आकारामनं त्यासाठी रजा मागितली होती आणि त्यांनी ती दिली नव्हती. दोन आणि दोन चार हे कळायला मालक व्हावं लागत नाही. पण पप्पू एकदा बोलून गेला होता, आणि त्याला उघडं पाडायचं नाही म्हणून आकारामनंही नोटिशीला तेच उत्तर दिलं.

पक्षकाराला खरं काय झालं ते मी विचारत नाही. कामावरून काढलं तर आरोप सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. आपण नुसतं विचारत राहायचं, 'पुरावा कुठाय?' खरं समजलं की वकिलाची जीभ अडखळते. म्हणून मी आकारामला एवढंच विचारलं, की ही नोकरी गेली तर काय. उत्तर राहीबाईनं दिलं.

"काय म्हंजे? खोली जाणार. आमची सृष्टी मिरजंला नर्सिंग शिकतीया, शेवटचं साल हाय, ती घरी येणार. काढून टाकलेल्या माणसाला दुसरा स्टोरेजवाला दारात उभा करत न्हाई, वकीलबाई. लोक म्हणत्यात, मशीन सोडून गेला म्हंजे उद्या आमचंबी सोडून जाईल. आन् गावाकडं काय हाय? दगडं." 

मी केस घेतली.

सुरुवात झकास झाली. मालकानं कामावरून काढण्याआधी चौकशी केली होती, पण चौकशी अधिकारी म्हणून नेमले होते स्वतःचे साडू. साडूंनी चौकशी केली, निकाल लिहिला आणि त्याच संध्याकाळी जयराजदादांकडे जेवून गेले. हे मी न्यायाधीशांसमोर मांडलं तेव्हा ते चष्मा काढून हसले. चौकशी रद्द. आता मालकानं आरोप नव्यानं, कोर्टासमोर, साक्षीदार उभे करून सिद्ध करायचा.

आणि तिथं मालकाचं गाडं रुतलं. आकाराम जत्रेत होता हे अख्ख्या पळसखडीनं पाहिलं असणार, पण पळसखडीतला एक माणूस बोलेना. मोबाइलवर जत्रेच्या चित्रफिती खंडीभर होत्या. कंपनीच्या वकिलांनी त्या कोर्टात लावूनही दाखवल्या. त्यात जो तो गुलालानं माखलेला, डोक्याला एकाच रंगाचा फेटा, तोंडात एकच चांगभलं. न्यायाधीशांनी विचारलं, "यातले आकाराम कोणते?" वकिलांनी एकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "साहेब, त्याच्या शेजारचा कोण, तेही सांगू द्या." ते त्यांना सांगता येईना.

कंपनीचे वकील यशराज, तरुण, पुण्याला शिकून आलेले, वैशाखातही कोटाची वरची गुंडी न काढणारे. मला ते आवडायचे, कारण ते मेहनत घ्यायचे आणि हरल्यावर चहा पाजायचे. एका तारखेला मात्र ते हसतच माझ्याजवळ आले.

"मॅडम, साक्षीदार मिळाला. आकारामचा चुलतभाऊ. धोंडीबा."

"चुलतभाऊ? तो कशाला बोलेल?"

"बोलेल. दोघांचा तिकडे माणमध्ये, दहिवडीच्या कोर्टात दावा चालू आहे. तोंड बघत नाहीत एकमेकांचं."

"कशाचा दावा?"

"जमिनीचा. अर्धा एकर."

यशराज वकिलांनी यापुढे काही विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. भावकीचा दावा म्हटला की बांध, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मला काळजी लागली ती दुसऱ्याच कारणानं. घरच्या माणसाची साक्ष म्हणजे घरचा भेदी. तो उभा राहून म्हणणार, 'होता की, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला,' आणि उलटतपासात मी त्याला किती उलटंपालटं केलं तरी न्यायाधीश म्हणणार, भाऊच सांगतोय.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर पोचले, तर आकाराम, राहीबाई आणि एक फेटेवाला गडी एकाच बाकावर चहा पीत बसलेले. मधे राहीबाई, दोन्ही बाजूंना दोघं. फेटेवाला मला बघून उठला, हात जोडले.

"रामराम म्याडम. मी धोंडीबा. तुमच्या इरोधातला."

मी चहाचा ग्लास घेतला आणि राहीबाईला जरा बाजूला नेलं. "हा तुमच्याबरोबर कसा?"

"कालच आला तासगावला. आमच्याकडंच हुता मुक्कामाला."

"तुमच्याकडं? तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेला माणूस?"

"मग जाईल कुटं? सांगलीत त्याचं कोण हाय?" राहीबाईला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मटाण केलं हुतं. दोघं बोलत न्हाईत एकमेकांशी, त्यामुळं लय तरास. 'वैनी, त्याला म्हणावं मीठ हिकडं सरकव.' 'आगं, त्याला म्हणावं हात न्हाई का तुला.' माझं जेवाणच झालं न्हाई बघा."

मी म्हटलं, अर्ध्या एकरासाठी एवढा अबोला?

"अर्धा एकर कसला, वकीलबाई! खडक नुसता. कुसळंसुदिक उगवत न्हाईत त्येच्यात. काठीचं भांडाण हाय ते."

आणि मग त्या टपरीवर, चहा निवत असताना, राहीबाईनं मला माझी केस समजावून सांगितली.

पळसखडीच्या भैरोबाची एक काठी आहे. दोन माळ्यांएवढा उंच कळक, वर निशाण, घुंगरं, पितळी कळस. जत्रेदिवशी ती देवळातून उचलायची आणि डोंगरावरच्या ठाण्यापर्यंत न्यायची, वाटेत भुईला टेकवायची नाही. उचलायचा मान एका घराचा. ते घर आकारामचं. मानाबरोबर देवाची अर्धा एकर जमीन त्या घराकडे, म्हणून तर कोर्टानं दावा दाखल करून घेतला. धोंडीबाचं म्हणणं असं, की आकाराम पोट भरायला तासगावला गेला, आता जत्रेला येत नाही, यंदा तर आलाच नाही, तेव्हा मान पुढच्या घराकडे, म्हणजे धोंडीबाकडे यायला पाहिजे.

"आणि आकाराम काय म्हणतात दहिवडीला?"

"म्हणत्यात, मी दरसाल येतो. यंदाबी आलो हुतो. काठी मीच उचलली."

मी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे दहिवडीला ते लिहून देतात, मी जत्रेत होतो. आणि सांगलीला लिहून देतात, मी संडासात होतो."

"व्हय."

"दहिवडीच्या वकिलांना इकडचं माहीत आहे?"

"न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "तुमीबी कुटं इचारलं?"

मी एवढंच म्हटलं, की जत्रेत खरं काय झालं ते मला अजूनही सांगू नका. आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. धोंडीबा आज काय बोलणार होता? आकाराम जत्रेत होता असं इथं शपथेवर बोलला, तर दहिवडीचा त्याचा दावा तिथंच आडवा. त्याला आकाराम जत्रेत नकोच होता! यशराज वकिलांनी गाडीभाडं देऊन, समन्स काढून, मेहनतीनं जो साक्षीदार आणला होता, तो आमचा होता. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले, विरोधातल्याचेसुद्धा.

मी खोटं बोलणार नव्हते. मी नुसती गप्प बसणार होते. वकिलीत या दोहोंच्या मधे एक भिंत असते आणि पोट चालावं म्हणून ती जाड आहे असं आम्ही धरून चालतो. आकारामला मी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आज धोंडीबा काहीही बोलू दे. तुम्ही तोंड उघडायचं नाही. समजलं?"

"समजलं म्याडम."

"काहीही म्हणजे काहीही."

"म्या कशाला बोलतोय," आकाराम म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. राहीबाईनं ठेवला नव्हता, कारण कोर्टात ती मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर, त्याच्या सदऱ्याला हात पोचेल अशी बसली.

पुकारा झाला. धोंडीबा पिंजऱ्यात चढला, फेटा नीट केला, शपथ घेतली. यशराज वकील उभे राहिले. नाव, गाव, नातं झालं.

"तुमच्या गावच्या जत्रेदिवशी तुम्ही हजर होता?"

"हुतो."

"मानाची काठी निघाली तेव्हा?"

"हुतो की. काठीला आमच्याबिगर कोण?"

"त्या वेळी आकाराम तिथं होते का?"

"न्हाई," धोंडीबा म्हणाला.

यशराज वकिलांनी कागदाकडे पाहिलं, जणू उत्तर कागदावरून खाली सांडलं असावं. "नीट आठवून सांगा. हे जे समोर बसलेत, ते आकाराम. ते जत्रेत होते का?"

"वळखतो की. भाऊ हाय माझा. न्हवता आला. तो तासगावला ड्युटीवर हुता. पोट बिघडलं हुतं म्हणं त्याचं."

टायपिस्टनं हसू दाबलं. न्यायाधीशांनी यशराज वकिलांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमचाच साक्षीदार आहे ना?" बिचाऱ्यांनी कोटाची वरची गुंडी काढली. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याला उलटे प्रश्न विचारायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि तीच त्यांची चूक झाली. नुसते खाली बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"तुम्ही खोटं बोलताय. काठी आकाराम यांनीच उचलली!"

"कोण म्हणतंय?" धोंडीबाला आता स्फुरण चढलं. कोर्ट, काठी आणि ऐकायला सक्तीनं बसलेली माणसं. असा योग त्याच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. "काठी म्या उचलली. देवळापासनं ठाण्यापातूर. चढाला वारं सुटलं हुतं, पर हललीसुदिक न्हाई. का? खांदा माझा हुता. हा आकाराम असता तर ठिवली असती भुईला. त्याला खांदा ऱ्हायलाय कुटं? गारीत बसून बसून भिजल्या बिस्किटागत झालाय."

मी आकारामकडे पाहिलं. त्याच्या मानेची शीर ताठली होती. राहीबाईचा हात त्याच्या सदऱ्यावर गेला होता. मी डोळ्यांनी सांगितलं, गप्प. तो गप्प राहिला.

"पुरे," न्यायाधीश म्हणाले. "प्रश्नाला तेवढं उत्तर द्या."

"उत्तारच देतोय सायब. त्या घरात तो दमच न्हाई. त्याच्या बापानं, आमच्या थोरल्या चुलत्यानं, शेवटच्या साली काठी टेकवली हुती. सगळ्या गावाला ठावं हाय. वरच्या वळणावर, खडकावर टेकली. आमी घरातली म्हणून बोललो न्हाई."

आकाराम उठला. राहीबाईनं सदरा धरला होता, तो टरकन फाटला.

"खोटं हाय सायब."

"खाली बसा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कोर्टात म्हणू नये इतक्या मोठ्यानं.

"बापाची काठी टेकली न्हाई," आकाराम म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर वर होती. "बाप आजारी हुता. वळणावर पाय सटाकला. म्या खाली हात घातला. काठी माझ्या हातावर टेकली सायब, खडकावर न्हाई." त्यानं उजवा हात वर केला. त्याची दोन बोटं मधूनच वाकडी होती. आजवर किती तारखांना हा माणूस माझ्यासमोर बसला, सह्या केल्या, चहा घेतला, मी ती बोटं कधी पाहिली नव्हती. "भैरोबाची काठी आमच्या घरानं कवाच टेकवली न्हाई. बापानं न्हाई आन् म्याबी न्हाई. यंदाबी न्हाई."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. यशराज वकील उभ्याचे उभेच होते. त्यांना आनंद झाला की नाही हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

मी उठले. पक्षकाराची तब्येत ठीक नाही, थोडा वेळ द्यावा, असं काहीतरी बोलले. न्यायाधीश चांगला माणूस. ते आकारामला म्हणाले, "तुम्ही आत्ता जे बोललात, त्याचा परिणाम काय होईल हे वकिलांना विचारा. मी अजून काही लिहून घेतलेलं नाही."

आणि पिंजऱ्यातून धोंडीबा ओरडला. थेट आकारामकडे बघून, मधे राहीबाई न घालता. "आरं ए, गप की गड्या! नोकरी जाईल रं तुझी!"

आकारामनं भावाकडे पाहिलंही नाही. "म्याडमचा दोष न्हाई सायब," तो म्हणाला. "त्यांनी मला गप बसायला सांगितलं हुतं. लिवून घ्या. जत्रेदिवशी म्या पळसखडीला हुतो. काठी म्याच उचलली. आन् ठाण्यापातूर म्याच न्हेली."

टायपिस्टनं लिहून घेतलं. आमच्या कोर्टात कुठलंही वाक्य इतक्या सहज, न खोडता, कागदावर उतरलेलं मी पाहिलेलं नाही. मशीनचा आवाज थांबेपर्यंत मी उभी होते, मग बसले. मला आकारामचा भयंकर राग आला होता. त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या अंगावर काटाही आला होता. इतकी वर्षं या कोर्टात मी माणसं नोकरीसाठी वाटेल ते बोलताना ऐकली. नोकरी घालवण्यासाठी खरं बोलणारा हा पहिलाच, आणि तो नेमका माझा पक्षकार निघावा.

बाहेर धोंडीबा पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. फेटा मांडीवर. मी जवळून जाताना म्हणाला, "कसलं डोस्कं म्हणायचं हे, म्याडम? म्या वाटणी बरुबर केली हुती. नोकरी त्याला, काठी मला. देवाला ठावं, रातच्याला त्याच्या घरी जेवताना म्या हाच इचार करत हुतो. त्याचं लेकरू शिकतंय, त्याची नोकरी ऱ्हावू दे. मला नोकरी कुटं हाय? मला काठी मिळू दे. दोघांचंबी भागलं असतं."

"मग त्याच्या बापाचं कशाला काढलंत?"

धोंडीबानं मांडीवरच्या फेट्याचं टोक चाचपलं. "बोलायच्या भरात गेलं," तो म्हणाला.

त्या संबंध खटल्यात दोघांचंही भलं व्हावं म्हणून बोललेलं खोटं तेवढं एकच होतं, आणि ते बोलणाऱ्यानंच शेवटी जाता जाता एका वाक्यानं बिघडवलं. भावकीत माणसं एकमेकांना वाचवायला येतात, पण टोमणा मारल्याशिवाय परत जात नाहीत. यशराज वकिलांनी त्या दिवशी चहा पाजला नाही. जिंकल्यावर काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

निकाल विरोधात गेला. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की अर्जदार प्रामाणिक आहे, परंतु गार मशीन सोडून जाऊन त्यानं गंभीर गैरवर्तन केलं हे त्याच्याच कबुलीनं शाबीत झालं आहे. मी अपिलाचं बोलले. आकाराम म्हणाला, नको. त्याला घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्याला त्या कबुलीची सहीशिक्क्याची नक्कल पाहिजे होती, दहिवडीला दाखल करायला.

ती न्यायला नवराबायको आली. सोबत धोंडीबाही. आता दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते, इतकं की थांबत नव्हते. धोंडीबानं दावा काढून घ्यायचं कबूल केलं होतं. कोर्टात आपण काय बोललो हे गावाला कळल्यावर त्याला दुसरा मार्गही नव्हता, कारण काठी कुणी नेली हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं. नक्कल आकारामनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि सदऱ्याच्या आत ठेवली. मग दोघे समोरच्या स्टँडवर एसटीचं बघतो म्हणून खाली गेले. जिन्यावरून त्यांचा आवाज येत होता, पुढच्या जत्रेला कळकाला नवी घुंगरं बांधायची का जुनीच ठेवायची.

राहीबाई मागं राहिली होती. पाण्याची बाटली पिशवीत घालत होती. खोली सोडली होती. सामान तासगावात एका शेडच्या मागं ठेवलं होतं, तिथंच ती बेदाणा निवडायला जायला लागली होती. सृष्टी घरी आली होती.

माझं मला राहवेना. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "जाऊ दे, राहीबाई. निदान मान तरी घरात राहिला."

तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"घरात कुटं ऱ्हायला, वकीलबाई? बायांनी त्या काठीला हात लावायचा नसतो. लगीन झाल्यापासनं ती म्या जवळनं बघितलेली न्हाई." मग पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "नोकरी तेवढी माझीबी हुती. तिचा डबा मी करत हुते."

खालून आकारामनं हाक मारली, एसटी लागली म्हणून. "आले," म्हणाली, आणि ती जिना उतरून गेली.